घरातील जमिनीवरचा हौद

बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे, ते पठार जांभ्या दगडाचे आहे. हा तांबडा, सच्छिद्र दगड पावसाचे पाणी पोटात घेतो; खालच्या कठीण काळ्या दगडापाशी ते पाणी अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गुरुद्वारा नानक झिरा साहेब येथील झरा, पापनाश महादेवाच्या देवळाजवळचे कुंड आणि झरणी नरसिंहाच्या भुयारातील कमरेइतके पाणी ही सर्व याच एका भूरचनेची देणगी होय. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. त्या राजवटीत नौबादजवळ पठाराच्या पोटातील पाणी उताराने वाहून आणणारे सुमारे ३ किलोमीटर लांबीचे भुयार खोदले गेले. त्याला ‘कारेज’ म्हणतात, आणि जमिनीवरून त्यात उतरणाऱ्या उभ्या विहिरी आजही दिसतात. किल्ल्यातील लाल बागेत आणि राजवाड्यांच्या आवारात हौद व दगडी पाट बांधलेले आहेत. पाणी नजरेसमोर असावे, त्याचा गारवा दालनात यावा, ही इच्छा या भागात पाच-सहाशे वर्षांची जुनी आहे.

ती इच्छा आता सामान्य गृहस्थाच्या घरातही उतरली आहे. बिदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद आणि कलबुर्गी या भागांत जुनी माळवदाची घरे जाऊन सिमेंटच्या छपरांची घरे उभी राहिली. माळवदाच्या जाड मातीने अडविलेली उन्हाची धग सिमेंटच्या छपरातून सरळ खाली उतरते. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बैठकीच्या खोलीत किंवा छप्पर असलेल्या चौकात एखादा छोटा हौद असावा, त्यात मासे खेळावेत, काठाला अळूची हिरवी पाने हलावीत, असे अनेकांना वाटते. ही हौस चांगली आहे. परंतु हौद म्हणजे शोभेचे टेबल नव्हे. त्यात वजन आहे, गळती आहे, जिवंत प्राणी आहेत, आणि या कोरड्या मुलखात त्याहून मोठा प्रश्न म्हणजे पाण्याचा हिशेब आहे. या चार गोष्टींचा विचार आधी केला तर हौद घराला शोभा देतो. न केला तर तो घराचे, शेजाऱ्यांचे आणि कधी कधी मुलाबाळांचे नुकसान करतो.

पहिला प्रश्न असा की, हौद जमिनीत खणावा की जमिनीवर बांधावा? या दोन जिल्ह्यांत बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते, आणि ते जमीनच देते. बिदरच्या पठारावर खणले तर जांभा लागतो. तो मुळातच पाणी गळू देणारा दगड आहे. त्यात खणलेला खड्डा उत्तम अस्तरावाचून पाणी धरीत नाही, आणि अस्तराला बारीक चीर गेली तरी पाणी कोठे गेले ते कळतसुद्धा नाही. भालकी, आळंद, कलबुर्गी या बाजूस गेले की काळी जमीन लागते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पुरलेल्या हौदाच्या भिंतींवर वर्षातून दोनदा उलटसुलट ताण येतो आणि हौद फुटतो. शिवाय घरातील फरशी उखडून पायाशेजारी खणणे हे घराच्या भिंतींनाही घातकच आहे. जमिनीवर बांधलेल्या हौदाचे चारही अंग डोळ्यांना दिसते. गळती झाली तर ती ताबडतोब उघडी पडते, आणि डागडुजी करणे सोपे जाते. काठ उंच असल्याने रांगते मूल त्यात सहज पडत नाही, हाही त्याचा मोठा गुण आहे.

आता वजनाचा विचार. आतून ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि पाण्याची खोली २ फूट, असा मध्यम हौद कल्पावा. त्यात ३६ घनफूट, म्हणजे सुमारे १,००० लिटर पाणी मावते. एक लिटर पाणी एक किलोग्रॅम भरते. तेव्हा नुसते पाणीच एक टन झाले. भोवती ९ इंची विटांची अडीच फूट उंच भिंत घातली तर विटांचे वजन पाण्याच्या सुमारे दुप्पट होते. एकूण भार तीन टनांच्या वर जातो. राहत्या घराच्या वरच्या मजल्याची रचना साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोग्रॅम भार गृहीत धरून केलेली असते. दोन फूट खोल पाण्याचाच भार दर चौरस मीटरला ६०० किलोग्रॅमच्या पुढे जातो. याचा अर्थ स्पष्ट आहे: असा हौद तळमजल्यावरच, आणि तोही घट्ट जमिनीवर असावा. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. पण ते पाणी पेलण्यासाठी तेथे भक्कम खांबांच्या रांगा उभ्या आहेत. ज्या घराच्या मजल्याखाली तसे खांब नाहीत, तेथे पाणचक्कीचे अनुकरण करू नये. वरच्या मजल्यावर पाणी हवेच असेल तर भिंतीलगत ठेवलेले वीतभर खोलीचे उथळ दगडी किंवा प्लॅस्टिकचे पात्र पुरे. तेही अभियंत्याला विचारून.

तळमजल्यावरही जागा पारखून घ्यावी लागते. जुन्या मातीच्या भिंतीला लागून हौद कधीही बांधू नये, कारण ओल हा मातीच्या भिंतीचा शत्रू आहे. पक्क्या भिंतीपासूनही वीतभर अंतर सोडावे, म्हणजे हवा खेळते आणि मागची बाजू तपासता येते. खालची जमीन काळी असेल तर हौदाच्या जागेवरची माती दीड-दोन फूट काढून टाकावी, तेथे मुरूम भरावा, थराथराने पाणी शिंपून धुम्मस मारावा आणि त्यावर सळया घातलेला चार-पाच इंच जाडीचा काँक्रीटचा थर द्यावा. हा थर हौदाच्या बाहेर चहूबाजूंनी सहा इंच पुढे आलेला असावा. येथे वाचविलेला पैसा पुढे दुरुस्तीत दामदुपटीने जातो.

पाणी खाली जसे दाबते तसे बाजूलाही दाबते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोन फूट खोल पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे १८५ किलोग्रॅमचा जोर लावते. खोली दुप्पट केली तर हा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून हौद मोठा करावयाचा असल्यास लांबी-रुंदी वाढवावी, खोली वाढवू नये. दोन फूट खोलीला ९ इंची वीटकाम पुरते. मात्र दर तीन-चार थरांनंतर सांध्यात बारीक सळई घालावी, ती कोपऱ्यात वळवून पुढच्या भिंतीत न्यावी, आणि सिमेंट-वाळूचा माल एकास चार या प्रमाणात धरावा. तळाला एक इंच उतार देऊन सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी सोडण्याची नळी व तोटी बसवावी. दुसरी नळी पाण्याच्या ठरलेल्या पातळीवर असावी, म्हणजे जादा पाणी फरशीवर न सांडता बाहेर जाते. या नळ्या वीटकाम चालू असतानाच बसवाव्या लागतात. भिंत झाल्यावर छिन्नीने भोक पाडून बसविलेली नळी बहुधा गळतेच.

गळती थांबविते ते आतले अस्तर. जुन्या काळी चुना आणि विटांची सुरखी यांचा गिलावा करीत. सुरखीमुळे चुना पाण्यातही घट्ट होतो. आज एकास तीन प्रमाणाचा सिमेंटचा गिलावा, त्यात जलरोधक द्रव्य, आणि तो दोन थरांत, अशी पद्धत आहे. तळ आणि भिंत जेथे मिळतात तेथे काटकोन न ठेवता गोलाई द्यावी; बहुतेक गळती याच कोपऱ्यातून होते. यानंतर या मुलखाची खरी देणगी उपयोगी पडते, ती म्हणजे शहाबादी फरशी. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद परिसरात हा चुनखडीचा दगड सपाट थरांत सापडतो. त्याच्या फरशा महाराष्ट्रभर स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत आणि अंगणांत बसविल्या गेल्या आहेत. हौदाच्या आतून आणि काठावर ही करडी फरशी सुरेख दिसते. तिच्यावर रंगीत मासे उठून दिसतात. परंतु फरशी ही शोभा व संरक्षण देते, पाणी अडवीत नाही; सांध्यातून पाणी मागे जातेच. तेव्हा मागचा गिलावा आधी पक्का झालेला असावा. त्याला निदान दहा दिवस ओले ठेवावे.

फरशी बसविण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. हौद भरावा आणि त्याच्या काठावर पाण्याने भरलेली एक बादली ठेवावी. दोहोंवर पाण्याच्या पातळीच्या खुणा कराव्यात. चार दिवसांनी बादलीतील पाणी जेवढे उतरले तेवढेच हौदातील उतरले असेल, तर ती वाफ झाली. हौदातील अधिक उतरले असेल, तर ती गळती होय. ही साधी परीक्षा कित्येक घरांचा पाया वाचविते.

हौद बांधून झाला म्हणजे त्यात लगेच मासे सोडावेत, असा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे. नवे सिमेंट पाण्यात चुना सोडते आणि पाणी इतके क्षारयुक्त होते की त्यात मासे तग धरीत नाहीत. हौद तीन-चार वेळा भरून, दर वेळी काही दिवस ठेवून, घासून रिकामा करावा. हे काम सुमारे तीन आठवड्यांचे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवले की बहुतेक उडून जाते. जांभ्यातून झिरपलेले झऱ्याचे पाणी सामान्यतः मऊ असते, काळ्या दगडातील व चुनखडीच्या पट्ट्यातील विहिरींचे जड. शहाबादी फरशी मऊ पाण्याला हळूहळू थोडे जड करते. हे बहुतेक काटक माशांना मानवते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा आहे. काही सूक्ष्म जंतू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जंतू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट वनस्पतींचे अन्न आहे. या जंतूंची वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून प्रथम दोन-तीनच मासे सोडावेत, खाद्य चिमूटभर द्यावे आणि संख्या हळूहळू दहा-पंधरापर्यंत न्यावी. जंतूंना राहावयास खडबडीत पृष्ठभाग लागतो. यासाठी जांभ्याचे धुतलेले खडे एका कुंडीत भरून छोट्या पंपाने हौदातील पाणी त्यातून फिरवावे. ज्या सच्छिद्रपणामुळे जांभ्यात खणलेला हौद गळतो, तोच सच्छिद्रपणा येथे उपकारक ठरतो.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांवर एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. त्यातच वीज गेली आणि पंप थांबला तर गर्दीच्या हौदातले मासे रात्रीतून मरतात. मासे थोडे ठेवणे हाच यावर खरा उपाय आहे. पंपाची वायर भिंतीकडे जाताना मध्ये खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बटणापर्यंत पोचत नाही. गळतीचा विद्युत्प्रवाह तत्काळ तोडणारे यंत्र बसविल्याशिवाय हौदात विजेचे कोणतेही साधन टाकू नये, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे.

डासांविषयी तर विशेष सावध राहिले पाहिजे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून या भागात घरोघर पिंपे, रांजण, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. डेंग्यू पसरविणारा एडिस डास नेमका अशाच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो. उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने टिकतात. यासाठी पातळीजवळचा भाग दर आठवड्याला ब्रशने घासावा. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून हौदात ते अवश्य असावेत. मात्र ते परदेशी आहेत आणि भराभर वाढतात. वाढलेले मासे ओढ्यात, तळ्यात किंवा कारेजसारख्या जुन्या पाण्यात सोडू नयेत. जलपर्णीही तशीच, ती हौदातच काय, घरातही आणू नये. कमळाला कित्येक तासांचे ऊन लागते, ते घरात मिळत नाही. अळू, मनीप्लँट यांसारखी सावलीत जगणारी झाडे कुंडीत लावून ती कुंडी काठाशी पाण्यात ठेवणे बरे. मासे नसलेला आणि विसरलेला हौद हा साऱ्या गल्लीला धोका आहे. गावी जावयाचे असेल आणि पाहणारे कोणी नसेल, तर हौद रिकामा करून कोरडा करूनच जावे.

मुलांच्या बाबतीत तर एक क्षणाचेही दुर्लक्ष परवडत नाही. लहान मूल फूटभर पाण्यातही बुडू शकते, आणि ते ओरडत नाही. काठ अडीच फुटांहून कमी ठेवू नये, त्याच्या जवळ स्टूल, खुर्ची, पाट असे चढण्याजोगे काही ठेवू नये, आणि घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर वर कुलूप लावता येईल अशी लोखंडी जाळी बसवावी. जाळीमुळे शोभा थोडी उणावते. पण शोभेसाठी मुलाचा जीव टांगणीला लावण्याचे कारण नाही.

शेवटी पाण्याचा हिशेब. ज्या मुलखात बायका उन्हातान्हात पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या, १९७२ चा दुष्काळ ज्याने सोसला, आणि ज्याच्या शेजारच्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले, तेथे हौसेखातर हजार लिटर पाणी साठविणे कितपत योग्य, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. त्याचे उत्तर अंकांतच द्यावे लागेल. घरातल्या सावलीत, वारा नसलेल्या जागी, हौदातून दिवसाला दोन-चार मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर वर कल्पिलेल्या हौदातून रोज सुमारे ५ लिटर पाणी कमी होईल. तेवढे पाणी वाफ होताना हवेतील जी उष्णता शोषून घेते, ती सुमारे साडेतीन युनिट विजेइतकी भरते. राजवाड्यांतील हौदांचा गारवा याच नियमाने येत होता. हा गारवा कोरड्या उन्हाळ्यातच लाभतो. पावसाळ्यात तीच ओल भिंतींना बुरशी आणते, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.

हौद भरावयाचे पाणी नळाचेच असले पाहिजे, असेही नाही. ५०० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर हजार लिटरांहून अधिक पाणी जमते. पहिल्या सरीचे धुळीचे पाणी सोडून देऊन पुढचे गाळून घेतले, तर मृगाच्या एक-दोन चांगल्या सरींत हौद भरतो. वाफेने नुसते पाणी जाते, क्षार मागे राहतात. म्हणून दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे लागते. हे काढलेले शंभर लिटर पाणी मोरीत सोडणे मात्र अपराध ठरेल. त्यात नायट्रेट आहे. तुळस, कढीपत्ता, परसातील भाजी, शेवगा यांना ते खतासारखे लागू पडते. ज्या घरी झाडांना रोज पाणी घालावेच लागते, त्या घरी हे पाणी हौदातून होऊन झाडांकडे गेले, एवढाच फरक. ज्या घरी झाडे नाहीत आणि पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या घराने हौदाचा विचार पुढे ढकलावा हेच योग्य. दुष्काळाच्या वर्षी मासे एखाद्या लहान भांड्यात हलवून हौद कोरडा ठेवण्याची तयारीही असावी.

हौद बांधावयाचा तर काम फाल्गुनात सुरू करावे, चैत्रात गिलावा व परीक्षा उरकावी, वैशाखात वापरलेल्या थोड्या पाण्यानेच सिमेंटचा क्षार धुवून काढावा आणि मृगाच्या पावसाने तो भरावा. मग श्रावणापर्यंत पाणी मुरलेले असते, जंतूंची वस्ती झालेली असते आणि मासे निर्धास्त सोडता येतात. घाई केली नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात दुपारी दार लोटून घेतल्यावर घरात कोठेतरी पाणी आहे याची जाणीव अंगाला होते, आणि त्यासाठी शेजाऱ्याच्या घागरीतले एक थेंबही पाणी खर्ची पडलेले नसते.